डावे हात

"उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा. येत नसेल त्यानं डावा. पण हात सगळ्यांचे वर दिसले पाहिजेत. एक जरी खाली दिसला ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

प्राचार्य टेकाळे सर हे पहिलीच्या पोरांना नाही, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगत होते. समोर मिसरूड फुटलेली पोरं, ओढणी सावरून बसलेल्या मुली, आणि फळ्याजवळ हे डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ. "चला, एकदा करून दाखवा," म्हणाले. सगळ्यांनी हात वर केले. बहुतेक सगळे डावेच होते.

मी दारात उभी होते. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातला खडू मोडला.

मी घोगरे. वरूडखेडच्या सरकारी कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवायची. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, पण तो वर्ग आठवला की अजून कानशिलं तापतात. डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर. म्हटलं असेल, पण त्याला नाव आहे, टेकाळे!

झालं होतं असं. सरकारनं ठरवलं की राज्यातली सगळी सरकारी कॉलेजं तपासायची. कोण कसं काम करतं ते समिती नेमून मोजायचं, आणि प्रत्येकाला श्रेणी द्यायची. ठरवलं ते चांगलंच. तपासा की! आम्हीही म्हणत होतो, या आणि बघा. दोन वर्षं आमच्याकडे केमिस्ट्री शिकवायला माणूस नव्हता. आधीच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागेवर कुणी आलंच नाही. प्रयोगशाळेला कुलूप, कुलपावर गंज. समिती येईल, कुलूप बघेल, आणि शिक्षक देईल, अशी माझी भाबडी समजूत.

टेकाळे सरांची समजूत वेगळी होती. त्यांनी नरवाडे नावाचे केमिस्ट्रीचे एक तरुण सर शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातून एका दिवसापुरते मागून आणायचं ठरवलं. लग्नात शेजाऱ्याकडून सतरंज्या आणतात, तसे. नरवाडे सर समितीसमोर तास घेणार, प्रश्न विचारणार, पोरं हात वर करणार, आणि ते उजवा हात बघून उठवणार. तेवढ्यासाठी ही तालीम.

तालीम संपली तशी कावेरी सोळंके माझ्यामागे प्रयोगशाळेत आली. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. पोरगी अशी की एकदा सांगितलं की पाठ, आणि पाठ झालं की शंका विचारून तुम्हाला भंडावून सोडणार. ती दारातच उभी राहिली.

"काय झालं गं? तोंड का असं?"

"मॅडम, सर म्हणायलेत, या वर्षी परीक्षेला बसू नको."

"कोण सर?"

"टेकाळे सर. माझा केमिस्ट्रीचा मागचा पेपर राहिलाय ना. म्हणले, तू परत नापास झालीस तर कॉलेजची टक्केवारी खाली येते. घरी अडचण आहे असं लिहून दे, पुढच्या वर्षी बस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? त्यांची सही लागती अर्जावर." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, आमच्या दादांनी तीन वर्षं दिलेत मला. तीन म्हणजे तीन. पास झाले तर पुढं शीक म्हणलेत. नाही झाले तर घरी. आणि माझ्या पाठीवर गोदी आहे. तिला पण सायन्सच घ्यायचंय. माझं काय होतंय ते बघून तिचं ठरवणार आहेत."

दादा म्हणजे तिचा बाप. तो पोरीला शब्द देऊन पाळत होता. सरकारनं शिक्षक दिला नाही, शिक्षक नाही म्हणून पोरगी नापास झाली, आणि नापास झाली म्हणून आता तिलाच बाजूला काढायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि हे निघाले होते पोहराच लपवायला!

मी तशीच तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेले. शिपायानं "मीटिंग चालू आहे" म्हटलं. मीटिंग कसली, सर एकटेच पडदे कोणत्या रंगाचे लावायचे ते बघत होते.

"सर, कावेरीला परीक्षेला बसू नको म्हणालात?"

"बसा, घोगरे मॅडम."

"मी बसायला नाही आले."

"ओरडू नका. एकट्या तिला नाही सांगितलं. जे जे कच्चे आहेत त्या सगळ्यांना सांगितलंय. निकालाला सगळ्यांत जास्त गुण आहेत, कळतंय का तुम्हाला?"

"कच्चे? भाजायला भट्टीच नाही तर विटा कच्च्याच राहणार!"

सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. खोटं कशाला बोलू, माणूस मुळात वाईट नव्हता. "मॅडम, पत्रं लिहून लिहून माझे हात दुखले हो. शिक्षक द्या, शिक्षक द्या. उत्तर येत नाही. वर काय चालतं तुम्हाला माहीत नाही. चांगलं दिसणाऱ्यालाच देतात ते. आपली श्रेणी चांगली आली तर मी ताठ मानेनं जाऊन पद मागेन. वाईट आली तर? शाखाच बंद करतील. मग काय कराल?"

"असं कसं करतील? आजारी आहे म्हणून कुणी माणसाला पुरतं का?"

"सरकार पुरतं," ते म्हणाले. "एका पोरीचं वर्ष गेलं तर आभाळ कोसळत नाही."

"तिच्यावर कोसळतं!" मी म्हटलं आणि दार आपटून बाहेर आले. दाराची कडी निखळली. तीही समिती येण्याआधी बसवून घेतली म्हणे, माझ्या नावावर.

समिती आली त्या दिवशी कॉलेज ओळखू येत नव्हतं. रांगोळ्या, कुंड्या, रंगाचा वास. माझ्याच बागेतल्या कुंड्या उचलून दारात मांडल्या होत्या आणि मला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. प्रयोगशाळेचं गंजलेलं कुलूप काढून नवं चकचकीत लावलं. किल्ली कुणाकडे होती देव जाणे.

समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. निर्मला खैरे. पांढरे आखूड केस, सुती साडी, पायात साध्या चपला. बाकी दोघे पुरुष चहा-बिस्किटांत आणि सत्काराच्या नारळात रमले. या बाई मात्र सरळ म्हणाल्या, "मला चालू तास बघायचाय." टेकाळे सरांचा चेहरा फुलला. हेच तर हवं होतं.

नरवाडे सर फळ्याजवळ उभे होते. घाम नुसता. बिचारा पोरगेलासा माणूस, नवीन नोकरी, आमच्या प्राचार्यांचा फोन त्याच्या प्राचार्यांना गेल्यावर नाही म्हणायची टाप नव्हती त्याची. समिती मागच्या बाकांवर बसली. टेकाळे सर उभे. मी खिडकीपाशी.

"नरवाडे सर आमच्याकडे तीन वर्षांपासून आहेत," टेकाळे सर म्हणाले. "मुलांचे फार लाडके."

तासाला सुरुवात झाली. मान्य करायला हवं, शिकवत छान होता तो. विषय होता कॅटॅलिस्ट. पोरं खरंच ऐकायला लागली. दोन वर्षांनी केमिस्ट्री कानावर पडत होती! शेवटी त्यानं ठरलेला प्रश्न विचारला, "तर मग कॅटॅलिस्ट म्हणजे काय? कोण सांगेल?"

सगळे हात वर. डाव्या हातांचं नुसतं रान, आणि त्यात तुरळक उजवे. मी कावेरीकडे बघितलं. तिला डावाच करायला सांगितलं होतं, बोलू नये म्हणून. तिनं उजवा वर केला होता. ताठ, कोपर कानाला लावून.

टेकाळे सरांचे डोळे मोठे झाले. पण नरवाडे सरांना काय माहीत कोण कावेरी आणि कोण कोण? त्यांना उजवा हात दिसला.

"हां, तू सांग."

कावेरी उठली. "सर, कॅटॅलिस्ट क्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी स्वतः जसाच्या तसा उरतो."

"शाब्बास!"

"सर, आता मी एक विचारू?"

"विचार ना."

"सर, माझं नाव काय?"

नरवाडे सरांनी एकदा टेकाळे सरांकडे बघितलं. सर ओठ हलवून "कावेरी, कावेरी" म्हणत होते, पण इतक्या लांबून त्याला ते वाचता येईना.

"माझं राहू द्या सर," कावेरी म्हणाली. "या वर्गातल्या कुणाचं पण एकाचं सांगा."

त्या माणसानं मान खाली घातली. खडू ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाला, "मला कुणाचंच माहीत नाही. मी आज सकाळीच आलोय."

"अहो, तो जरा विसरभोळा..." टेकाळे सरांनी सुरू केलं.

"थांबा," खैरे मॅडम म्हणाल्या. "तुझं नाव काय, बाळ?"

"कावेरी बाबूराव सोळंके. मॅडम, आम्हाला दोन वर्षं केमिस्ट्रीला सर नाहीत. पुस्तकातून जमंल तेवढं केलं. पेपर राहिला माझा. आता सर म्हणायलेत परीक्षेला बसू नको, टक्केवारी खाली येती. मॅडम, मी टक्केवारी नाही. मला बसायचंय."

खैरे मॅडमनी टेकाळे सरांकडे बघितलं. "हे खरं आहे?"

"छे, छे! गैरसमज झालाय पोरीचा. ती बसणारच आहे परीक्षेला! कोण नाही म्हणालं?"

मी याचीच वाट बघत होते. कावेरीचा अर्ज सकाळपासून माझ्या पर्समध्ये होता. बाकीच्या कच्च्या म्हटलेल्या पोरांचेही होते. मी बाकांमधून वाट काढत गेले आणि सगळे अर्ज त्यांच्यासमोर धरले. "मग सही करा सर. मॅडम बघतायत तोवर करून टाका. शुभस्य शीघ्रम्."

"मॅडम, आत्ता इथे?"

"पेन देऊ?"

त्यांनी सह्या केल्या. पेन इतकं दाबलं की एकदोन ठिकाणी कागद फाटला. फाटू दे! मधल्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा वर्ग वाजवायला लागला.

मला वाटलं, जिंकलो.

जेवणानंतर खैरे मॅडम व्हरांड्यात एकट्या उभ्या होत्या. मी गेले. म्हटलं, या बाईला कळलंय, बोलून घ्यावं.

"डावा-उजवा आमच्या शाळेतही होता," त्याच आधी बोलल्या. हसत होत्या. "साहेब यायचे तेव्हा. हात वर झाले तेव्हाच मी ओळखलं. मी डावाच करायचे."

"मग आता अहवालात लिहा मॅडम. केमिस्ट्रीचा माणूस द्या म्हणून लिहा."

त्यांचं हसू गेलं. "तसं लिहिता येत नाही हो. आमच्याकडे रकाने आहेत. निकाल किती, भरलेली पदं किती, उपकरणं चालू किती. त्यात गुण द्यायचे. का कमी, त्याला रकाना नाही. शिफारस करणं आमच्या कक्षेत येत नाही."

"म्हणजे? कमी गुण देणार, आणि का ते सांगणार नाही?"

"मी फक्त मोजते, घोगरेबाई."

माझं डोकंच फिरलं. "ताप मोजायला येता आणि औषधाचं नाव काढलं की हात वर? उजवा का डावा तेवढं तरी सांगा! त्या पोरीनं भर वर्गात जीव मुठीत धरून तोंड उघडलं, ते तुमचा रकाना भरायला? आत कॅटॅलिस्ट शिकवला ना, मॅडम? तो जसाच्या तसा उरतो, पण निदान काहीतरी घडवून तरी जातो. तुम्ही नुसत्याच जशाच्या तशा!"

त्या रागावल्याही नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी पिशवी उचलली आणि गाडीकडे गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दारात मोटारसायकल थांबली. बघते तर नरवाडे सर. हेल्मेट हातात, मान खाली.

"मॅडम, त्या वर्गातल्या मुलांची नावं सांगाल?"

"कशाला? आता काय माफीपत्र लिहिताय?"

"नाही. परीक्षेपर्यंत दर रविवारी आलो तर चालेल का? पण आधी नावं पाठ करून मगच वर्गात जाईन म्हणतो."

मी त्याला घरात घेतलं, पोहे घातले, आणि नावं सांगितली. दर रविवारी आला तो. माझ्या अंगणात लिंबाखाली फळा टेकवून शिकवायचा. एक छदाम घेतला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, कावेरी केमिस्ट्रीचे दोन्ही पेपर, मागचा आणि या वर्षाचा, सोडवून वर आली. बाबूराव सोळंके पेढे घेऊन माझ्या घरी आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "आत या हो," म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, थोरली पुढं जाईल आता. धाकटीला पण तुमच्याच हाताखाली घालतो. सायन्सला." मागे गोदी उभी होती, बहिणीपेक्षा उंच आणि बहिणीपेक्षा बडबडी. "मला केमिस्ट्री कोण शिकवणार?" हाच तिचा पहिला प्रश्न. "येईल कुणीतरी," मी म्हटलं.

कोण आलं? आदेश आला. आमच्या कॉलेजची श्रेणी सगळ्यांत खालची. विज्ञान शाखेची कामगिरी असमाधानकारक, सबब पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद, शाखा टप्प्याटप्प्याने संपुष्टात. केमिस्ट्रीच्या शिक्षकाबद्दल एक अक्षर नाही. उलट आम्हा प्राध्यापकांना गुणवत्ता वाढवण्याचं प्रशिक्षण! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

टेकाळे सरांनी आदेश माझ्यापुढे टाकला. "झालं समाधान? सांगितलं नव्हतं मी, सरकार पुरतं म्हणून?"

"पुरलं सरकारनं," मी म्हटलं. "पण खड्डा झाकून ठेवायला पडदे कोण शोधत होतं?" त्यानंतर आम्ही कामापुरतंही बोललो नाही.

जिल्ह्याचं कॉलेज लांब. सोळंक्यांनी गोदीला तिकडे एकटीला पाठवायला नकार दिला आणि त्यात मी त्यांना दोष देणार नाही. गोदीनं आमच्याच कॉलेजात इतिहास घेतला. विज्ञानाचे वर्ग एकेक करून रिकामे झाले. मला वनस्पती काढून पर्यावरणाचे तास दिले, कारण तो विषय कला शाखेलाही लागतो. माझे सूक्ष्मदर्शक कपाटात. गोदी मधल्या सुट्टीत यायची आणि म्हणायची, "मॅडम, एकदा काढा की ते. कांद्याची साल बघू." आम्ही दोघी बघायचो. मला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

गोदी शेवटच्या वर्षाला असताना मूल्यांकनाची दुसरी फेरी आली. तोवर विज्ञानातलं कुणीच उरलं नव्हतं. टेकाळे सरांनी कला शाखेच्या वर्गांत जाऊन तीच तालीम घेतली. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं. आणि श्रेणी आली, उत्तम! का नाही येणार? विज्ञानच नाही म्हणून विज्ञानात नापास कुणी नाही. केमिस्ट्रीच नाही म्हणून केमिस्ट्रीचं पद रिकामं नाही. रोगी मेला की ताप उतरतोच.

त्याचा सत्कार ठेवला. मांडव, हार, बँजो. मोठ्या कार्यालयातून साहेब आले. टेकाळे सरांना शाल-श्रीफळ. सभागृहात सगळी मुलं कोंबून बसवलेली, आम्ही प्राध्यापक पहिल्या रांगेत. साहेब रंगात आले होते. "इतक्या कमी वेळात तळातून शिखरावर! हे राज्यातल्या इतर महाविद्यालयांनी शिकण्यासारखं आहे. मला मुलांच्या तोंडूनच ऐकायचंय. आपलं कॉलेज सुधारलं असं ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा बरं!"

मग मागून बाक सरकल्याचा आवाज आला. मी मान वळवून बघितलं. गोदी उभी होती, हात वर करून. तिचा डावा हात.

तिच्या शेजारणीनं तिच्याकडे बघितलं आणि तिनंही डावा वर केला. मग तिच्या पुढची. मग मुलांची रांग. बघता बघता सगळं सभागृह. या दारापासून त्या दारापर्यंत सगळे डावे हात. नुकतीच तालीम झाली होती ना, सगळ्यांना पक्की पाठ होती.

"वा! वा! शंभर टक्के!" साहेब माईकवर ओरडले. "फोटो काढा, फोटो!"

टेकाळे सर नारळ धरून उभे होते. त्यांची नजर हातांवरून फिरत फिरत गोदीवर आली आणि तिथे थांबली. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही. तिथे साहेब टाळ्या वाजवत होते, फोटोवाला वाकून वाकून फोटो काढत होता, आणि एवढ्या मोठ्या व्यासपीठावर त्या हातांचा अर्थ त्यांना एकट्यालाच कळत होता.

मी पहिल्या रांगेत उठून उभी राहिले, त्यांच्या अगदी समोर. आणि माझा डावा हात वर केला. साहेबांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो मी खाली घेतला नाही.